कलमी माणसे

दिवाळीच्या अंकात चकली-करंजीच्या ताटाशेजारी शस्त्रक्रियेचे टेबल कशाला मांडता, असे एखादी वाचक-भगिनी आम्हाला विचारील. प्रश्न रास्त आहे. या सदरात वर्षभर आम्ही नाटक-सिनेमांविषयी लिहितो आणि दिवाळीला काही खुसखुशीत द्यावे हा रिवाजही पाळतो. पण यंदा आमच्या कामोठ्यात ज्या चित्रपटावर जिन्यात, गच्चीत आणि भाजीच्या गाडीपाशी सर्वांत जास्त बोलणे झाले, तो खुसखुशीत मुळीच नाही. आणि ते बोलणे असे होते की, ते वाचकांपर्यंत न पोचवणे आम्हाला बरे वाटेना. म्हणून हा विषय.

चित्रपट नवा नाही. 'नेव्हर लेट मी गो' हे त्याचे नाव. २०१० साली तो निघाला. काझुओ इशिगुरो या जपानी वंशाच्या इंग्रज लेखकाची याच नावाची कादंबरी २००५ साली प्रसिद्ध झाली होती. तिच्यावरून अॅलेक्स गारलंड यांनी पटकथा लिहिली व मार्क रोमानेक यांनी दिग्दर्शन केले. इशिगुरो यांचा जन्म नागासाकीचा. २०१७ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. चित्रपट तिकीटबारीवर फारसा चालला नाही, आणि तो का चालला नसावा हे पाहिल्यावर लगेच कळते. यात उडती याने नाहीत, परग्रहावरचे राक्षस नाहीत, यंत्रमानव तर नाहीतच. विज्ञानकथा म्हटली की जे जे डोळ्यांपुढे येते, त्यातले काहीही नाही. आहे ती एक निवासी शाळा, हिरवीगार कुरणे, पावसाळी आभाळ आणि तीन मुले.

कथा थोडक्यात सांगतो, कारण पुढील चर्चा तिच्याशिवाय कळणार नाही. १९५२ साली वैद्यकशास्त्राला एक मोठी किल्ली सापडली आणि १९६७ पर्यंत माणसाचे सरासरी आयुष्य शंभर वर्षांच्या वर गेले, अशी कल्पना सुरुवातीलाच मांडली आहे. ही किल्ली कोणती, ते हळूहळू उलगडते. हेलशॅम नावाच्या शाळेत कॅथी, टॉमी व रूथ वाढत असतात. मुले गुणी, निरोगी, शिस्तीची. त्यांच्या प्रकृतीला फार जपले जाते. एक दिवस एक शिक्षिका न राहवून वर्गात सांगून टाकते, की तुमच्यापैकी कोणी नट होणार नाही, कोणी अमेरिकेला जाणार नाही. तुम्ही मोठे व्हाल आणि ऐन तारुण्यात तुमच्या शरीरातील एकेक अवयव काढून घेण्यात येईल. ही सर्व मुले 'क्लोन' आहेत. कोणा ना कोणा माणसाची हुबेहूब नक्कल म्हणून, केवळ अवयवांसाठी तयार केलेली. त्या शिक्षिकेला शाळा सोडावी लागते. मुले मात्र मोठी होतात, प्रेमात पडतात, एकमेकांवर रुसतात, आणि बोलावणे आले की निमूटपणे रुग्णालयात दाखल होतात. तिसऱ्या-चौथ्या शस्त्रक्रियेनंतर जो जातो तो 'मेला' असे कोणी म्हणत नाही. तो 'पूर्ण झाला' असे म्हणतात.

आमच्या भागातील एका गृहनिर्माण संस्थेत महिन्यातून एका शनिवारी सभागृहात पडदा लावून सर्वांनी मिळून चित्रपट पाहण्याचा प्रघात आहे. कामोठे म्हणजे सिडकोने वसवलेली वस्ती. एका बाजूला शीव-पनवेल महामार्ग, दुसरीकडे मानसरोवर आणि खांदेश्वर ही स्थानके. निम्मे लोक घाटावरचे, बाकीचे कोकणातले, आणि उरलेले मुंबईच्या चाळीतून मोठ्या जागेच्या आशेने आलेले. अशा मंडळींना हा संथ इंग्रजी चित्रपट कितपत रुचेल याची संयोजकांना धास्ती होती. मध्यंतरात चहा-वडापाव ठेवला होता तो त्याचसाठी. पण मध्यंतरात वडे तसेच राहिले, आणि चित्रपट संपल्यावर लोक घरी जाईनात. त्या रात्रीचे आणि नंतरच्या आठ-पंधरा दिवसांचे बोलणे आम्ही टिपून ठेवले आहे. नावे अर्थातच देत नाही.

पहिला आक्षेप तरुणांचा. "ही माणसे पळून का जात नाहीत?" अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा अगदी चिडून बोलत होता. त्यांच्याकडे मोटार आहे, रस्ते मोकळे आहेत, दारावर पहारा नाही. मनगटात एक पट्टी आहे एवढेच. ती तोडून चालू लागायला काय हरकत होती? त्याने लगेच दुसऱ्या चित्रपटाचा दाखला दिला. २००५ सालचा 'द आयलंड'. त्यातही श्रीमंतांच्या अवयवांसाठी क्लोन पाळलेले असतात, पण नायकाला खरी गोष्ट कळताच तो नायिकेला घेऊन पळतो, मग मोटारींचा पाठलाग, स्फोट, मारामारी आणि शेवटी सर्वांची सुटका. "काका, माणसाने असे वागायला हवे," असे त्याचे म्हणणे. सभागृहातल्या बहुतेक मुलांनी माना डोलावल्या.

त्याला उत्तर दिले ते मंत्रालयातून सेवानिवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. ते म्हणाले, "बाळ, मी वीस वर्षे मानसरोवरहून तीच गाडी पकडून त्याच डब्यात उभा राहिलो. डब्यातल्या एकालाही ती नोकरी आवडत नव्हती. दरवाजे उघडे होते. पळाला का कोणी?" हशा झाला, पण त्या मुलाचे समाधान झाले नाही. नोकरी आणि मूत्रपिंड या दोन गोष्टी सारख्या कशा, असे त्याने विचारले, आणि त्याचा तो मुद्दा बिनतोड होता. तरीही त्या गृहस्थांच्या बोलण्यात काही तथ्य आहे असे आम्हाला वाटते. हेलशॅमच्या मुलांना लहानपणापासून सांगण्याची एक पद्धत आहे. सांगायचे, पण समजणार नाही अशा वयात आणि अशा शब्दांत. पुढे समजण्याचे वय येते तेव्हा ती गोष्ट इतकी जुनी झालेली असते की तिचे आश्चर्य वाटत नाही. बंड करायचे तर आधी आपल्यावर अन्याय होतो आहे हे ठाऊक असावे लागते. या मुलांना तेच कोणी शिकवलेले नाही.

दुसरी प्रतिक्रिया एका जुळ्या मुलांच्या आईची. तिची दोन्ही मुले एकबीज, म्हणजे अगदी एकसारखी. ती म्हणाली, "मग माझे दोघे एकमेकांचे क्लोनच की! शाळेतल्या बाई अजून घोटाळा करतात. पण एकाला पाण्याची भीती आणि दुसरा विहिरीत उडी घ्यायला तयार. नक्कल-बिक्कल काही नसते हो." या बाईंनी एका वाक्यात जे सांगितले ते सांगायला शास्त्रज्ञांना जाडजूड ग्रंथ लिहावे लागले. एकबीज जुळी ही निसर्गानेच केलेली क्लोन होत. आनुवंशिक मजकूर जवळपास तोच, पण माणसे दोन. मराठी प्रेक्षकाला एका माणसाची अनेक रूपे पाहण्याची सवय आहे. आचार्य अत्र्यांच्या १९६२ सालच्या 'तो मी नव्हेच' मध्ये प्रभाकर पणशीकरांनी एकाच भामट्याची पाच सोंगे उभी केली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. तिथे माणूस एक आणि चेहरे पाच. इथे चेहरा एक आणि माणसे दोन. हा दुसरा प्रकार आपल्या रंगभूमीला अजून तितकासा परिचित नाही.

तिसरी प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे आलीच. "हे सगळे आपल्याकडे पूर्वीच होते. गांधारीच्या मांसगोळ्याचे शंभर तुकडे करून तुपाच्या कुंभांत ठेवले, ते क्लोनिंग नव्हे तर काय?" आम्हाला महाभारताचा अभिमान या गृहस्थांहून कमी नाही. पण ही कथा नीट वाचली तर ती क्लोनिंगची उलट बाजू मांडते. एकाच गोळ्यातून झालेल्या त्या भावंडांत दुर्योधन होता आणि विकर्णही होता. भर सभेत द्रौपदीची विटंबना चालली असता मोठमोठे वडीलधारे खाली मान घालून बसले, त्या वेळी हे अयोग्य आहे असे उठून बोलणारा कौरव तो विकर्ण. शिवाय त्याच गोळ्यातून दुःशला नावाची मुलगीही झाली, आणि भावाच्या हुबेहूब नकलेतून बहीण कशी होईल? तेव्हा ते शास्त्र नव्हते, कथा होती, आणि कथा म्हणून ती फारच सरस आहे. एका रक्तामांसाची माणसेसुद्धा वेगवेगळी निघतात, हे व्यासांनी त्यात सांगून ठेवले आहे.

आता क्लोन म्हणजे नेमके काय, ते पाहू. हा शब्द ग्रीक भाषेतील डहाळी या अर्थाच्या शब्दावरून आला. १९०३ साली हर्बर्ट वेबर या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो वनस्पतींसाठी रूढ केला. म्हणजे मराठीत त्याला सरळ 'कलम' म्हणावे. कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. कोय रुजवून झालेला तो रायवळ आंबा. प्रत्येक झाडाची चव निराळी, एखादे साखरेसारखे गोड तर शेजारचे आंबटढाण. हापूसची फांदी बांधून केलेले ते कलम; त्याचा आंबा हापूसच. जळगावकडे ऊतिसंवर्धनाने तयार केलेली केळीची रोपे लावतात, तीही एकमेकांची क्लोनच. लक्ष्मीपूजनाला आपण जी केळी ठेवतो त्यांतली बरीचशी या अर्थाने कलमी असतात, आणि त्यामुळे देवीचे काही बिघडलेले नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तर ऊतिसंवर्धनात एवढी मजल मारली, की काचेच्या नळीत बांबूला फुले आणून दाखवली. १९९० साली त्याची दखल जगभर घेतली गेली.

माणसाच्या बाबतीत हा शब्द प्रथम ज्यांनी ठळकपणे वापरला, ते जे. बी. एस. हाल्डेन आपल्याच देशात येऊन राहिले होते. जन्माने इंग्रज असलेले हे शास्त्रज्ञ १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्याआधी लंडनमधील एका परिषदेत माणसाचे भवितव्य काय याविषयी बोलताना त्यांनी माणसाचे क्लोन ही कल्पना मांडली होती. त्यांच्या कल्पनेत असामान्य बुद्धीच्या माणसांची कलमे होती. अवयवांच्या बागा नव्हत्या.

पुढे १९९६ सालच्या ५ जुलैला स्कॉटलंडमधील रॉझलिन संस्थेत 'डॉली' नावाची मेंढी जन्मली आणि गोष्ट कागदावरून गोठ्यात आली. मोठ्या मेंढीच्या कासेतील एक पेशी घ्यायची, दुसऱ्या मेंढीच्या बीजांडातील केंद्रक काढून टाकायचे, दोहोंचा संयोग करायचा आणि तयार झालेला गर्भ तिसऱ्या मेंढीच्या उदरात वाढवायचा, अशी ती रीत. सांगायला सोपी, करायला महाकठीण. २७७ प्रयत्नांतून एक डॉली हाती लागली. हरयाणात कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २००९ च्या फेब्रुवारीत 'समरूपा' नावाची म्हशीची पारडी अशाच पण सुटसुटीत रीतीने जन्मली. ती काही दिवसांतच दगावली. त्याच वर्षी जूनमध्ये झालेली 'गरिमा' मात्र दोन वर्षे जगली. २०२३ साली तिथेच गीर गाईचे क्लोन असलेली 'गंगा' नावाची कालवड झाली. आणि २०१८ साली चीनने माकडांचे क्लोन जाहीर केले. म्हणजे माणसाच्या दारापर्यंत विज्ञान येऊन ठेपले आहे.

दार मात्र बंद आहे आणि ते बंदच राहावे याविषयी जगात जवळजवळ एकमत आहे. भारतात आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार माणसाचे क्लोन जन्माला घालण्यास मनाई आहे. २००५ साली संयुक्त राष्ट्रांत सर्व प्रकारच्या मानवी क्लोनिंगविरुद्ध एक घोषणा ८४ विरुद्ध ३४ मतांनी संमत झाली, तेव्हा भारताने विरोधात मत दिले होते. कारण एवढेच, की माणूस जन्माला घालण्यास आमचा ठाम विरोध असला तरी रोगांवरील उपचारांसाठी प्रयोगशाळेत पेशींवर होणारे संशोधन अडू नये, अशी आपली भूमिका होती. शिवाय अवयवांसाठी आख्खा माणूस वाढवण्याची गरजही शास्त्राला उरेल असे दिसत नाही. २००६ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी साध्या कातडीच्या पेशींना पुन्हा गर्भावस्थेतील पेशींसारखे करून दाखवले. त्यांना २०१२ साली नोबेल मिळाले. तेव्हा हेलशॅमची शाळा कामोठ्यात उघडेल, ही भीती वाचकांनी मनातून काढून टाकावी.

मग या चित्रपटाने आमच्या लोकांना इतके का अस्वस्थ केले? इथे आम्हाला त्या रात्रीच्या सर्वांत मोलाच्या दोन प्रतिक्रियांकडे वळले पाहिजे.

त्यातली एक एका परिचारिकेची. कामोठ्याला महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठे रुग्णालय असल्यामुळे आमच्याकडे प्रत्येक इमारतीत एखाद्या तरी सिस्टर, डॉक्टर किंवा विद्यार्थी राहतातच. या सिस्टर फारशा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "सिनेमात मला सगळ्यात भयंकर काय वाटले सांगू? कोणी कुणावर ओरडत नाही. सगळे गोड बोलतात. पेशंटला कुणी विचारत मात्र नाही." मग त्यांनी एक खरी हकीकत सांगितली, जी त्यांना शिकत असताना वर्गात सांगितली होती. ती आम्ही नंतर पुस्तकांतून पडताळून पाहिली, आणि ती अशी आहे.

१९५४ सालची २३ डिसेंबर ही तारीख. अमेरिकेत बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचे जगातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. रोग्याचे नाव रिचर्ड हेरिक, वय तेवीस. मूत्रपिंड देणारा त्याचा भाऊ रोनाल्ड. परक्याचा अवयव शरीर स्वीकारत नाही, ही त्या काळी मोठी अडचण होती. पण रिचर्ड आणि रोनाल्ड हे एकबीज जुळे होते, म्हणून शरीराला तो अवयव परका वाटलाच नाही. थोडक्यात, अवयव-प्रत्यारोपणाचा इतिहास क्लोनपासूनच सुरू झाला! इशिगुरोंच्या कल्पनेतील १९५२ साल आणि हे खरे १९५४ साल यांत अंतर अवघे दोन वर्षांचे.

पण खरी गोष्ट पुढे आहे. धडधाकट माणसाच्या अंगावर, त्याला स्वतःला काडीचाही फायदा नसताना, सुरी चालवावी का, या प्रश्नाने डॉक्टर मंडळी बेचैन होती. त्यांनी इतर वैद्यांचा आणि धर्मगुरूंचा सल्ला घेतला. रोनाल्डला सर्व धोके समजावून सांगितले. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री खुद्द रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवली, की तू इथून निघून घरी जा. रोनाल्डने उलट चिठ्ठी धाडली, की मी आलो आहे आणि राहणार आहे. रिचर्ड पुढे आठ वर्षे जगला. ज्या परिचारिकेने त्याची शुश्रूषा केली तिच्याशीच त्याने लग्न केले. रोनाल्ड शिक्षक झाला आणि २०१० च्या डिसेंबरात, एकोणऐंशी वर्षांचा होऊन, वारला. हा चित्रपट ज्या वर्षी पडद्यावर आला त्याच वर्षी.

त्या चिडलेल्या अभियांत्रिकीच्या मुलाला आम्ही ही हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे रोनाल्डला दार दाखवले होते." हेच ते. दार दाखवल्यावरही जो थांबला त्याने दान केले. ज्याला दार आहे हेच ठाऊक नव्हते त्याच्याकडून ते काढून घेतले. दोन्ही ठिकाणी शस्त्रक्रिया तीच असते, पण दोन गोष्टींना एकच नाव देता येत नाही. चित्रपटातली व्यवस्था मात्र त्याला 'दान' हाच शब्द वापरते.

आणि शेवटची प्रतिक्रिया एका आजींची. इंग्रजी त्यांना समजत नाही. नात शेजारी बसून सांगत होती. सगळ्यांचे बोलून झाल्यावर आजी म्हणाल्या, "कुठे जातील गं पळून? आमच्या वेळी कोणी विचारायचे का? घरात कोणाला काही लागले की सून आहेच." त्या हसत म्हणाल्या आणि सगळ्या बायका हसल्या. पुरुषांपैकी फारसे कोणी हसले नाही.

आजींचे बोलणे अतिशयोक्तीचे वाटत असेल तर एक आकडा पाहावा. देशातील अवयवदानाची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या नोंदींप्रमाणे १९९५ ते २०२१ या काळात ३६,६४० प्रत्यारोपणे झाली. त्यांपैकी २९,६९५ पुरुषांना झाली आणि ६,९४५ स्त्रियांना. म्हणजे पाच अवयवांपैकी चार पुरुषांच्या वाट्याला. आणि जिवंतपणी अवयव देणारांत बहुसंख्य कोण? बायका. आई आणि बायको. याची काही कारणे समजण्यासारखी आहेत. मिळवता पुरुष अंथरुणाला खिळला तर घर बसते. तो देणारा झाला तर कामावर खाडे होतात. पण कारणे कितीही मोजली तरी चारास एक या प्रमाणाचा पुरता उलगडा होत नाही. स्त्रियांचे आजार मूत्रपिंडापाशी येऊन थांबतात असे नाही.

या बाबतीत आपला कायदा चांगला आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि तो प्रथम स्वीकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्याआधी मूत्रपिंडांचा उघड व्यापार चाले. गरीब माणूस कर्जापायी पोटावर टाका घेऊन परत जाई. कायद्याने विक्री गुन्हा ठरवली, मेंदू मृत झाल्यावर अवयव देण्याची सोय केली, आणि देणारा सज्ञान असला पाहिजे, त्याने राजीखुशीने दिले पाहिजे, अशी अट घातली. याच मुंबईत १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. पी. के. सेन यांनी के. ई. एम. रुग्णालयात भारतातील पहिले हृदय-प्रत्यारोपण केले होते. रोगी वाचला नाही. पण आज मृत्यूनंतर दिलेले हृदय मोटारींची वाट मोकळी करून तासाभरात दुसऱ्या रुग्णालयात पोचते, याची सुरुवात त्या दिवसापासून झाली.

परंतु 'राजीखुशी' हा शब्द कागदावर जितका सरळ आहे तितका स्वयंपाकघरात नाही. सरकारी समिती बाईला विचारते, "तुम्ही मर्जीने देताय ना?" बाई "हो" म्हणते. ते खोटे असते असे नाही. बहुतेक वेळा ती मनापासूनच देते, आणि तिच्या त्या मायेपुढे कोणीही हात जोडावेत. पण "नाही" म्हणण्याची वाट तिला घरात कोणी दाखवली होती का, हे समितीला कसे कळावे? तिच्या सासरच्या, माहेरच्या माणसांपैकी एकाने तरी रिचर्डसारखी चिठ्ठी तिला पाठवली होती का, की तू नाही म्हणालीस तरी आम्हाला तू तितकीच प्रिय आहेस?

चित्रपटात टॉमी आणि कॅथी एका अफवेवर विसंबून शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिकेकडे जातात. खरे प्रेम असेल तर दोन-चार वर्षांची सवलत मिळते, अशी ती अफवा. शाळेत मुलांची चित्रे नेऊन ठेवीत असत, ती आमचे अंतःकरण पाहण्यासाठीच ना, असे टॉमी विचारतो. उत्तर मिळते, की तुमचे अंतःकरण कसे आहे ते पाहायला नव्हे, तुम्हाला अंतःकरण आहे की नाही ते पाहायला. परतीच्या वाटेवर टॉमी मोटारीतून उतरून अंधारात किंचाळतो. सभागृहात त्या क्षणी कोणी खोकलेही नाही. भजनी मंडळातले एक गृहस्थ नंतर हळूच म्हणाले, "आत्म्याचे कलम बांधता येत नाही. तो प्रत्येकात असतोच. परीक्षा कसली घेता?" आम्हाला त्या वाक्यात सबंध चित्रपटाचे सार आल्यासारखे वाटले.

म्हणून ज्या घरांत कॉलेजात जाणारी मुले आहेत त्या घरांनी हा चित्रपट एकत्र बसून पाहावा, अशी आमची शिफारस आहे. लहान मुलांना मात्र दाखवू नये. तो संथ आहे, उदास आहे, आणि शेवटी कोणी सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. पाहून झाल्यावर दिवा लावावा आणि थोडे बोलावे. पुरुषांनी थोडे कमी बोलून ऐकावे. घरातली जी बाई सगळ्यांचे करते, तिला एकदा सरळ विचारावे की तुला स्वतःला काय हवे आहे, आणि तिने "काही नको" म्हटले तर तेवढ्यावर न थांबता पुन्हा विचारावे. अवयवदानाचा विषय निघालाच तर मृत्यूनंतरच्या दानाची नोंद घरातल्या पुरुषांनी आधी करावी. त्याने जिवंत बाईवरचा भार थोडा तरी हलका होईल.

आमच्या त्या संस्थेत भाऊबिजेच्या ओवाळणीत यंदा काही भावांनी आपला अवयवदानाचा भरलेला अर्ज ठेवण्याचे ठरवले आहे, असे ऐकतो. बहिणींनी पैशांचे पाकीटही वेगळे मागितले आहे, आणि ते त्यांना मिळालेच पाहिजे.

वाचकांनी चित्रपट पाहून आपली मते जरूर कळवावीत. निवडक पत्रांचा परामर्श पुढील अंकांतून याच सदरात घेऊ. सर्व वाचकांना व त्यांच्या कुटुंबीयांना ही दीपावली सुखाची आणि आरोग्याची जावो.